समोरचा चुकावा, असं मनात आलं तर?



मागच्या गुरुवारी सत्संगानंतर आपल्या एका ताईने ग्रुपवर प्रश्न टाकला. नाव घेत नाही, त्यांनीच नको म्हटलं आहे. त्यांची मुलगी सातवीत आहे. शब्दांची स्पर्धा होती, शेवटी दोघीच उरल्या. समोरची मुलगी एका शब्दावर अडखळली. ताई लिहितात, "माझ्या तोंडात नामस्मरण चालू होतं अन् मनात एकच, चूक बाई, चूक. ती पण कोणाची तरी लेकच ना जी? हे पाप लागते का?"

उत्तरं भराभर आली. बहुतेकांनी हात जोडलेले पाठवले. एका दादांनी लिहिलं, "मन आहे ताई, चालायचंच." दुसऱ्यांनी लिहिलं, "म्हणून तर मुलांना स्पर्धेत पाठवूच नये." मला दोन्ही उत्तरं पटली नाहीत. पहिल्यात प्रश्न झटकला आहे आणि दुसऱ्यात स्पर्धाच झटकून टाकली आहे. ताईंनी जे विचारलं ते तिथेच राहिलं. म्हणून या वेळी थोडं लांब लिहिते. एका बैठकीत झालं नाही तर दोन बैठकीत वाचा.

प्रश्न लहान नाही. आपण चोरी करत नाही, कुणाला मारत नाही, खोटी साक्ष द्यायला कोर्टात जात नाही. आपल्यासारख्या साध्या माणसांचं पाप शोधायचं झालं तर ते अशाच जागी सापडणार. तोंडात नाम, चेहऱ्यावर हसू आणि आत कुणीतरी पडावं अशी वाट पाहणं.

आता पहिली गोष्ट. विचार मनात येणं आणि तो आपण आणणं यात फरक आहे, हे माळ घेऊन बसणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मणी बोटात असतो आणि मन गोंदियाच्या बाजारात भाव करत असतं. आलेला विचार आपल्याला विचारून येत नाही. एवढ्यावर थांबलं तर ताई निर्दोष. पण ताई हुशार आहेत, त्या एवढ्यावर थांबणार नाहीत. त्या म्हणतील, विचार आपोआप आला हे खरं, पण मुलगी जिंकावी ही इच्छा तर माझीच होती ना? आणि ती दुसरी चुकल्याशिवाय माझी जिंकणार कशी होती?

इथे खरी गाठ आहे. ती सोडवायला आधी खेळाचा नियम नीट पाहिला पाहिजे. कारण सगळ्या स्पर्धा एका जातीच्या नसतात.

इंग्लंडात टीव्हीवर शब्दांचा आणि आकड्यांचा एक खेळ आहे, काउंटडाउन. २ नोव्हेंबर १९८२ ला तिथलं चॅनल फोर सुरू झालं तेव्हा त्यावर लागलेला पहिला कार्यक्रम हाच. मूळ कल्पना फ्रान्सची. दोन माणसं बसतात. नऊ अक्षरं समोर येतात, घड्याळ तीस सेकंद चालतं आणि दोघांनी त्याच नऊ अक्षरांतून जमेल तेवढा मोठा शब्द काढायचा. वेळ संपली की आधी शब्द सांगत नाहीत, किती अक्षरांचा आहे तेवढंच सांगतात. एक म्हणतो सात, दुसरा म्हणतो सात. शब्द कागदावर लिहिलेला नसेल तर तसं स्वतःहून सांगायचं, आणि मग आधी त्याने शब्द बोलायचा, म्हणजे दुसऱ्याचा ऐकून आपला म्हणता येणार नाही. टीव्हीवरचा खेळ आणि पहिला आधार माणसाच्या बोलण्यावर, हे मला फार आवडलं. दोघांचे शब्द सारख्याच लांबीचे आणि बरोबर निघाले तर गुण दोघांनाही मिळतात.

आकड्यांची फेरी असते ती आणखी मजेची. सहा आकडे आणि एक तीन अंकी संख्या. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करून त्या संख्येला पोचायचं, प्रत्येक आकडा एकदाच वापरायचा. १९९७ मध्ये एकदा आकडे आले २५, ५०, ७५, १००, ३ आणि ६. गाठायचे होते ९५२. घरातल्या मुलांना हे द्या, तीस सेकंद नको, तीस मिनिटं द्या. त्या स्पर्धकाने काय केलं ते सांगते. १०० मध्ये ६ मिळवले, १०६. गुणिले ३, झाले ३१८. गुणिले ७५, झाले २३,८५०. त्यातून ५० वजा, २३,८००. भागिले २५, बरोबर ९५२. ऐकणारे हसायलाच लागले, कारण तेवीस हजारांपर्यंत चढून खाली नऊशे बावन्नवर उतरणं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

मी हे एवढ्यासाठी सांगितलं की त्या तीस सेकंदांत समोरचा माणूस उरतच नाही. त्याला पाहायला वेळ कुठे आहे? आकडे आहेत आणि आपण आहोत. समोरचा चुकला काय, बरोबर आला काय, आपले २३,८५० त्याने होत नाहीत आणि जात नाहीत. हार-जीत इथेही आहे, शेवटच्या कोड्यापर्यंत दोघांत चारदोन गुणांचाच फरक राहिला तर घरी बसलेल्यांचा जीव खालीवर होतो. पण इच्छा कुठे लावायची, याला इथे चांगली जागा आहे. स्वतःच्या शब्दाला लावा.

आता दुसरी जात. अमेरिकेत मुलांची राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा होते, १९२५ पासून. शेवटचा दिवस टीव्हीवर थेट दाखवतात. आपल्या भाषेत अशी स्पर्धा ठेवली तर सगळं भांडण ऱ्हस्व-दीर्घावर आणि पोटफोड्या ष वर येऊन थांबेल, पण इंग्रजीत ऐकलेलं एक आणि लिहिलेलं भलतंच, म्हणून तिथे हा मोठा उत्सव झाला आहे. नियम साधा आहे. एकेका मुलाने यायचं, शब्द ऐकायचा, अक्षरं सांगायची. चुकला की घंटी वाजते आणि तो बाहेर. शेवटी एक उरतो. म्हणजे मी कितीही बरोबर सांगत राहिले तरी दुसरा चुकेपर्यंत मी जिंकत नाही. ताईंच्या मुलीची स्पर्धा या जातीची.

२९ मे २०२५ ला रात्री, आपल्याकडे ३० ची सकाळ, वॉशिंग्टनजवळ अंतिम फेरी झाली. शेवटी तीन मुलगे उरले. टेक्सासचा फैजान झाकी, वय १३. कॅलिफोर्नियाचा सर्वज्ञ कदम, वय १४. जॉर्जियाचा सर्व धारावणे, वय ११. यातली दोन नावं तर मराठी कानाला घरचीच वाटतात. सर्वज्ञ नावाचा मुलगा शब्दांच्या स्पर्धेत, हे वाचून आमच्या घरी कौतुकही झालं आणि थोडं हसूही आलं. सर्वज्ञ कोण असतो बाप्पा?

फैजानची गोष्ट एक वर्ष आधीपासून सुरू होते. २०२४ च्या फायनलमध्ये तो आणि बृहत सोमा दोघेच उरले होते आणि निकाल लागेना. मग नव्वद सेकंदांत जास्तीत जास्त शब्द सांगायची झटपट फेरी झाली. बृहतचे २९ बरोबर आले, फैजानचे २०. हा दुसरा आला. आता वर्षभराने पुन्हा तिथेच उभा. आणि सर्वज्ञ आणि सर्व, दोघेही एकाच फेरीत चुकले.

विचार करा. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते झालं. समोरचे दोघेही चुकले. ताईंच्या मनात आलेली इच्छा कुणाला इतकी पूर्ण मिळाली नसेल. विजेतेपद हाताशी आलं. फैजानला शब्द मिळाला कॉमेलिना. त्याने अर्थ विचारला नाही, शब्द कुठल्या भाषेतून आला ते विचारलं नाही. सरळ सुरुवात केली आणि पहिलंच अक्षर सी ऐवजी के सांगून बसला. दोन अक्षरं पुढे गेला आणि थांबला. त्याचं त्यालाच कळलं. परीक्षकांना म्हणाला, घंटी वाजवा. त्यांनी वाजवली. आणि बाहेर गेलेली ती दोन मुलं पुन्हा खेळात परत आली.

दुसऱ्याच्या चुकीने आपल्याला काय मिळतं? फक्त रिकामी जागा. त्या जागेत उभं राहून शब्द आपल्यालाच सांगायचा असतो. ज्याचं सगळं लक्ष दुसरा पडतो का याकडे लागलं आहे, तो पडल्यावर लक्ष कुठे लावायचं हे त्याला सुचत नाही. फैजानच्या मनात त्या क्षणी काय होतं हे मी सांगू शकत नाही, सांगूही नये. पण मला सगळ्यात मोठी वाटली ती घंटी वाजवा म्हणण्याची गोष्ट. तेरा वर्षांचं पोर, समोर कॅमेरे, आणि हातातोंडाशी आलेला घास. वाद नाही, रडारड नाही, मी असं म्हटलंच नव्हतं असा कांगावा नाही. पुढच्या एका फेरीत तोच जिंकला. शेवटचा शब्द मूळ फ्रेंच, एक्लेअरसिसमां, अर्थ उलगडा किंवा खुलासा. सांगून झाल्यावर तो स्टेजवर आडवाच पडला. सर्वज्ञ कदम दुसरा, सर्व धारावणे तिसरा.

जरा थांबून कॉमेलिनाचं सांगते, कारण तो शब्द परका असला तरी वस्तू आपल्या पायाखालची आहे. कॉमेलिना म्हणजे आपला केना. पावसाळ्यात बांधावर आणि परसात माजतो तो. निंदायला बसलं की उपटून उपटून हात दुखतात, आणि कोवळा असला की त्याचीच भाजी होते. सकाळी निळं फुलतं, दुपारपर्यंत मिटून जातं. पुढच्या वेळी फूल नीट पाहा. दोन पाकळ्या मोठ्या, निळ्या, उठून दिसणाऱ्या. तिसरी लहान, असून नसल्यासारखी. लिनिअस नावाच्या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात याला हे नाव दिलं ते कॉमेलिन घराण्यातल्या तिघांवरून. दोघांनी वनस्पतींच्या अभ्यासात नाव काढलं, त्यातल्या एकाने आपल्या मलबारच्या झाडांवरच्या ग्रंथाचंही काम केलं. तिसरा काही करून दाखवण्याआधीच वारला. म्हणून दोन पाकळ्या मोठ्या आणि एक लहान, असं लिनिअसचं म्हणणं. म्हणजे त्या रात्री स्टेजवर तीन मुलं होती आणि समोर आलेला शब्दही तिघांचाच. पण लिनिअसने तिसऱ्याला वगळलं नाही, हे मला बरं वाटलं. फूल तीन पाकळ्यांचंच आहे.

तर परत गाठीकडे. माझी जिंकावी म्हटलं की ती चुकावी हे त्यात आपोआप येतं का? नियम बघितला तर येतं. मन बघितलं तर तितकं सरळ नाही. टमाटरवाल्याचं घ्या. दुसरीकडचं पीक पावसाने गेलं की इकडे भाव चढतो, हे त्याला चांगलं माहीत आहे. त्याला भाव हवा आहे. दुसऱ्याचं शेत बुडावं असं त्याला हवं आहे का? भाव चढल्यावर तो खूश झाला म्हणून त्याला कुणी पापी म्हणणार नाही. पण हाच माणूस रोज सकाळी उठून तिकडे पाऊस पडला का हे आनंदाने बघायला लागला तर त्याच्या घरचीच म्हातारी म्हणेल, हे चांगलं नाही जी. डॉक्टरचं पोट आजारावर चालतं, वकिलाचं भांडणावर. एका सरकारी जागेला शेकडो अर्ज येतात आणि आपल्या मुलाची निवड व्हावी म्हणून आपण देवाजवळ नारळ ठेवतो. तो नारळ बाकीच्या सगळ्या मुलांच्या विरुद्ध ठेवला आहे, असं कधी कुणाला वाटलं आहे का? जगण्याची अर्धी व्यवस्था अशीच रचली आहे. त्यामुळे इच्छेचा परिणाम कुणाच्या नुकसानात जातो, एवढ्यावरून इच्छा वाईट ठरत नाही. आपण पाहतो कुठे, त्यावर ती ठरते.

पण "पाहतो कुठे" हे स्वतःलाच कळावं कसं? मन तर लबाड आहे. मला एक खूण सापडली आहे, तीही याच स्पर्धेतून.

२०२२ ला हरिणी लोगन नावाच्या मुलीला एका शब्दाचा अर्थ विचारला. तिने दिलेलं उत्तर परीक्षकांनी चूक ठरवलं. ती बाहेर गेली. नंतर परीक्षकांनी पुन्हा शोध घेतला तेव्हा लक्षात आलं की तिचंही उत्तर बरोबर मानता येतं. तिला परत बोलावलं. आणि शेवटी तीच जिंकली. आता समजा, स्टेजवर राहिलेल्या मुलांपैकी एकाची आई तुम्ही आहात. एक तगडी स्पर्धक गेली म्हणून तुम्हाला सुटल्यासारखं वाटलं होतं. अर्ध्या तासाने कळलं की ती चुकलीच नव्हती. ती परत येत आहे. या क्षणी मन काय म्हणतं? "अरे देवा, पुन्हा आली" असं पहिल्या झटक्याला म्हटलं तर म्हणू द्या. पण त्यानंतर "बरोबर होतं तर यायलाच पाहिजे" असं म्हणता आलं, तर तुम्हाला स्पर्धा हवी होती. "कशाला उकरून काढलं, झालं होतं ते बरं होतं" असं वाटत राहिलं, तर हवं होतं ते तिचं जाणं. चुकीच्या निकालानेही जी जीत चालते, ती जीत शब्दांची नाही. ताईंना माझी विनंती, ही परीक्षा स्वतःवर घेऊन पाहा. ग्रुपवर उत्तर सांगायची गरज नाही.

आपल्या जुन्या लोकांनी हे ओळखलं होतं. गौतमाच्या न्यायसूत्रांत वादविवादाचे तीन प्रकार वेगवेगळे ठेवले आहेत. वाद म्हणजे खरं काय ते कळावं म्हणून दोघांनी केलेली चर्चा. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. आणि वितंडा म्हणजे स्वतःचं काही मांडायचंच नाही, फक्त समोरच्याचं पाडायचं. वितंडवाद हा शब्द आपण आजही रागाने वापरतो, जल्पाला मात्र कुणी शिवी देत नाही. म्हणजे जिंकण्याची हौस त्यांनी वाईट मानली नाही, तिला वेगळं नाव देऊन बाजूला ठेवलं. वाईट नाव पडलं ते पोकळ पाडापाडीला. मला हा हिशोब बरोबर वाटतो. स्पर्धेला पाठवूच नका म्हणणाऱ्या दादांना हेच सांगेन. मूल कुणाशी कधी भिडलंच नाही तर त्याला आपली ताकद कळणार नाही, आणि दुसऱ्याची तर मुळीच कळणार नाही. दुसऱ्याचं कौतुक मनापासून करायला आधी त्याच्याशी झुंजावं लागतं. लांबून होतं ती नुसती स्तुती.

आणि आता जे सांगते ते मला या सगळ्यात मोलाचं वाटतं. २०१९ ला त्याच स्पर्धेत विचित्र झालं. फेरीमागून फेरी, आठ मुलं चुकेनातच. आयोजकांकडे त्यांना अडवतील असे शब्द संपत आले. मग त्यांनी जाहीर केलं की विसाव्या फेरीपर्यंत खेळू, त्यानंतर जे उरतील ते सगळे विजेते. आठही जण उरले. त्यात टेक्सासचा सोहम सुखटणकर नावाचा मुलगा होता. आठ जणांना आठ करंडक, प्रत्येकाला पूर्ण पन्नास हजार डॉलर.

त्यावर तिकडे बरीच टीका झाली, आठ विजेते म्हणजे विजेता कुणीच नाही असं लोक म्हणाले. पुढे २०२१ मध्ये ती नव्वद सेकंदांची झटपट फेरी नियमांत आली, म्हणजे पुन्हा असं होऊ नये. ते ज्याचं त्याचं. मला मात्र त्या घोषणेचा क्षण दिसतो. घोषणेच्या आधी त्या आठांपैकी प्रत्येकाला जिंकण्यासाठी सात जण चुकायला हवे होते. घोषणा झाली आणि सात जणांशी असलेलं ते नातं संपलं. मुलं तीच, स्टेज तेच, शब्द तितकेच अवघड. पण आता समोर फक्त शब्दकोश होता. शेजारच्याने बरोबर सांगितलं तर टाळी वाजवायला मनाला काही अडत नव्हतं. मन शुद्ध करायला त्या मुलांनी काही साधना केली नाही. नियम बदलला, आणि दुसरा चुकावा या इच्छेची गरजच गेली.

ताई, म्हणून मी म्हणते की तुमच्या मनात जे आलं त्यातलं सगळंच तुमचं नाही. थोडं त्या स्पर्धेच्या नियमाचं आहे. शाळेने नियम केला, तो आपल्या हातात नाही. पण घरातले नियम कुणाच्या हातात आहेत?

आपल्याच घरच्या ग्रुपचं बघू. हा अंक जिथे पोचतो ते सगळे घरचेच ग्रुप आहेत, काका, मावशा, आते, मामा, नागपूर-रायपूरपासून पुण्यापर्यंत. दहावी-बारावीचा निकाल लागला की दुपारपर्यंत काय होतं? एका ताईच्या मुलाची गुणपत्रिका येते, ९४ टक्के. खाली फुलं, पेढे, हात. मग कुणीतरी निरागसपणे विचारतं, "अन् बंटीचं किती जी?" बंटीला ८१. ८१ टक्के म्हणजे काही कमी आहेत का? आमच्या वेळी ६० आले तर गावात पेढे वाटत. पण त्या एका ओळीने बंटीचे ८१ हे ९४ च्या खाली आले. परीक्षा तर शब्दकोशासारखी होती. दोघांनाही शंभर घ्यायला कुणाची मनाई नव्हती, एकाच्या गुणांतून दुसऱ्याचे गुण कापले जात नव्हते. काउंटडाउनमध्ये दोघांचे सात अक्षरी शब्द बरोबर निघाले की दोघांना गुण मिळतात, तशीच ही परीक्षा. तिला एकच उरेल अशी स्पर्धा आपण केली. पुढच्या वर्षी त्या दुसऱ्या मुलाची बहीण परीक्षेला बसेल आणि बंटी देवाजवळ काय मागेल? आपल्या लहान बंटीच्या मनात "चूक बाई, चूक" कुणी घातलं?

आणि बंटीला ते पाप वाटणारही नाही, कारण त्याने ते घरातच ऐकलं आहे. ताईंना निदान वाटलं. मला त्यांचं मन त्या प्रश्नातच दिसलं. ती पण कोणाची तरी लेकच ना, हे ज्या क्षणी वाटलं त्याच क्षणी समोरची मुलगी अडथळा राहिली नाही, मुलगी झाली. अस्वस्थ व्हायला एवढं कारण पुरे आहे, आणि ते अस्वस्थपण चांगलं आहे. ते जप करून लवकर घालवू नये असं माझं मत आहे. कुणाला पटणार नाही, चालेल.

काही जण म्हणतील, शब्दांचा खेळ ठीक आहे, पण जिथे खरंच एकच जागा आहे तिथे काय? एकच घर, एकच नोकरी, एकच राज्य? तिथे शब्दकोशाकडे बघा म्हणून भागत नाही. खरं आहे. त्यासाठी नळराजाची गोष्ट आठवा. महाभारतात वनपर्वात आहे.

नळ भावाशी, पुष्कराशी, द्यूत खेळला आणि राज्य हरला. वनवास, दमयंतीचा वियोग, शेवटी अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे बाहुक नावाने सारथी. एकदा रथ हाकताना वाटेत बेहड्याचं झाड लागलं. ऋतुपर्णाने नुसत्या नजरेने त्याची पानं आणि फळं किती ते सांगितलं. आपल्या बालाघाटच्या जंगलात हिरडा, बेहडा, आवळा सगळं आहे, कधी प्रयत्न करून बघा, एका फांदीचीही पानं मोजून होत नाहीत. नळाने रथ थांबवला, उतरून फळं मोजली, संख्या बरोबर. मग नळाने त्याला अश्वविद्या द्यायचं कबूल केलं आणि ऋतुपर्णाने त्याला फाशांची आणि मोजणीची विद्या दिली. ती मिळताच नळाच्या अंगातला कली बाहेर पडला आणि त्याच बेहड्यात शिरला. आकड्यांची विद्या कळली आणि कली गेला, हे महाभारतकारांनी उगाच जोडलेलं नाही. पूर्वी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत.

मग नळ परत गेला आणि पुष्कराला पुन्हा खेळायला बसवलं. इथे मध्यम मार्ग नव्हता. एकाने घेतलं की दुसऱ्याचं गेलं. नळाला पुष्कर हरायलाच हवा होता आणि त्याने ते लपवलं नाही. एका डावात सगळं परत जिंकलं. आता पुष्कर समोर उभा, सगळं गेलेलं, जीवही भावाच्या हातात. नळ त्याला म्हणाला की मागे मी हरलो ती तुझी करणी नव्हती, कलीची होती, त्याचा दोष मी तुझ्यावर घालणार नाही. त्याचा वाटा त्याला परत दिला आणि भावाला मिठी मारली. डावाच्या आत नळाला काय हवं होतं आणि डावाच्या बाहेर काय हवं होतं, हे दोन वेगळे आहेत. आणि डावाच्या बाहेर काय हवं होतं, हे कळायला डाव संपावा लागला.

पुष्कर लगेच गेला नाही. महाभारत सांगतं, तो महिनाभर तिथेच मानाने राहिला आणि मग आपल्या नगराला गेला. त्या महिन्याचं वर्णन नाही. हरलेला भाऊ आणि जिंकलेला भाऊ, एका वाड्यात तीस दिवस, सकाळ-संध्याकाळ समोरासमोर पानावर बसत असतील. पहिले दोन दिवस तर भात वाढ एवढंच बोलणं झालं असेल.

— एक गुरुभगिनी, राजेगाव (जि. बालाघाट) 🙏